अणूची भिंत : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

विज्ञान दिनासाठी प्रयोगशाळेबाहेरची व्हरांड्याची भिंत मिळाली. लांबी साडेसोळा फूट. विषय मुलांनीच निवडला : अणू. गेल्या वर्षीची चार थर्माकोलची प्रारूपं कपाटावर पडून आहेत, ती पुसून लावली की काम संपलं, असा त्यामागचा साधा हिशेब.

प्रारूपं खाली काढली. डाल्टन म्हणजे पांढरा गोळा. थॉमसन म्हणजे लाल गोळ्यात टोचलेल्या टाचण्या. रुदरफोर्ड आणि बोर मात्र ओळखू येईनात, दोन्हीकडे मधे गोळा आणि भोवती बांगड्या. ज्या मुलीनं ती केली होती तिलाच विचारलं, यातला बोर कुठला गं? तिनं प्रारूप उलटं करून खालची चिठ्ठी वाचली.

या वर्षी प्रारूपं नाहीत, हे तिथेच ठरवलं. भिंतीवर एवढंच यायचं : त्या माणसाच्या टेबलावर काय होतं, त्यानं काय मोजलं आणि त्यावरून तो काय म्हणाला. जे शाळेत करून बघता येईल ते करून बघायचं. मुलांचे चेहरे उतरले.

९ जानेवारी, गुरुवार

सुरुवात शब्दांच्या घोळापासून. आठवीतल्या एकानं फलकाच्या मजकुरात "पाण्याचा अणू" लिहिलं. खोडायला गेले तर म्हणतो, "बाई, व्हिडिओत असंच सांगितलंय." व्हिडिओ हिंदी. हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू तो त्यांचा परमाणु. म्हणजे मोबाईलवर शिकणारं पोर मराठी पेपरात बरोबर उत्तर चुकीचं लिहून येणार. पहिल्या फलकावर हा तक्ताच लावायचा.

शब्द निघाले तसे कणादही निघाले. संस्थेतल्या एकांचा आग्रह आहे की सर्वात वर, मोठ्या अक्षरात कणाद हवेत. मला त्यांना वगळायचं नाही. झरोक्यातून येणाऱ्या कवडशात तरंगणारा धूलिकण घ्या, त्याचा सहावा भाग म्हणजे परमाणू, हे आपल्याकडच्या जुन्या परंपरेतलं सांगणं मला फार आवडतं. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि तेच डोळ्यांना दिसणारं सर्वात लहान. विचार पक्का बांधलेला आहे. ग्रीसमध्ये डेमोक्रिटसही तर्कानंच त्याच उंबरठ्याशी आला होता. पण दोघांच्याही हातात तराजू नव्हता. आपल्या भिंतीचा नियम "काय मोजलं" हा, तेव्हा दोघंही दारातल्या फलकावर, शेजारी शेजारी. हे सांगितल्यावर फार वाद झाला नाही.

१३ जानेवारी, सोमवार

डाल्टन. मँचेस्टरचा शिकवण्या करणारा माणूस. १७८७ पासून १८४४ मध्ये मरेपर्यंत रोज हवामानाची नोंद ठेवली, ५७ वर्षं. हे ऐकून नोंदवही लिहिणाऱ्या मुलाने माझ्याकडे संशयानं पाहिलं.

त्याचं म्हणणं वजनांतून आलं. मूलद्रव्यं ठरावीक वजनी प्रमाणातच संयोग पावतात, कारण प्रत्येकाचे अणू ठरावीक वजनाचे आणि ते अख्खेच जोडले जातात, अर्धे नाहीत. पण पाण्यात हायड्रोजनचे किती अणू आणि ऑक्सिजनचे किती, हे वजनावरून कळायला मार्ग नव्हता. त्यानं सर्वात सोपं धरलं : एकास एक. म्हणजे डाल्टनचं पाणी एच-ओ. त्यामुळे ऑक्सिजनचा अणुभार आज आपण शिकवतो त्याच्या निम्म्याच्या आसपास येत होता.

आम्ही पाण्याचं विघटन केलं. नऊ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीची शिसं, पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा (मीठ टाकू नये, क्लोरीन सुटतो), वर दोन उलट्या परीक्षानळ्या. एका नळीत वायू १० मिली झाला तेव्हा दुसरीत ४. दोनास एक यायला हवं होतं. ऑक्सिजन थोडा पाण्यात विरघळतो, थोडा शिशाच्या कार्बनलाच खातो. तेच पाणी ठेवून पुन्हा केलं तर ४.६ आला. दोनास एक मानायला मुलं तयार झाली.

आकारमानांची ही साधी गुणोत्तरं गे-लुसॅकनं १८०८ मध्ये मांडली. ती डाल्टनच्या उपयोगाची होती, पण त्याला ती पटली नाहीत. १८११ मध्ये ॲव्होगाड्रोनं तोडगा दिला : सारख्या आकारमानात सारखे रेणू, आणि हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८६० मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारोनं तीच गोष्ट पुन्हा उगाळली तेव्हा ती लोकांच्या गळी उतरली. ऐकणाऱ्यांत पुढे आवर्त सारणी करणारा तरुण मेंडेलीव्ह होता. मधली ४९ वर्षं भिंतीवर रिकामी जागा म्हणून सोडायची, अशी एका मुलीची सूचना. मंजूर. एक सेंटिमीटरला एक वर्ष.

१७ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीच्या तिळगुळाचे डबे अजून वर्गात फिरतायत, त्यामुळे थॉमसनच्या पुडिंगवर बोलायला मुहूर्त बरा होता. पण वाचता वाचता लक्षात आलं की हे पुडिंग थॉमसनचं नाहीच. ते नाव इतरांनी चिकटवलेलं. १९०४ च्या त्याच्या अणूत इलेक्ट्रॉन मनुकांसारखे रुतून बसलेले नाहीत, ते धनप्रभारित गोलात वर्तुळाकार कड्यांमध्ये फिरतायत. इतकी वर्षं मी मनुका शिकवत आले.

कडी कशी बनतात हे दाखवायला त्यानं जो प्रयोग सांगितला तो मेयर नावाच्या अमेरिकन माणसानं १८७८ मध्ये केलेला. चुंबकीय केलेल्या सुया बुचात खोचून पाण्यावर तरंगत सोडायच्या, सगळ्यांचा एकच ध्रुव वर. त्या एकमेकींना ढकलतात. वरून मोठ्या चुंबकाचा विरुद्ध ध्रुव धरला की मध्याकडे ओढल्याही जातात. दोन्ही ओढाताणींत त्या आपोआप आकृती धरतात.

जुन्या स्पीकरचं चुंबक मिळालं. बूच नव्हतं, चपलेच्या रबराचे तुकडे कापले. पहिल्यांदा घमेलं घेतलं, ते लोखंडी. सगळ्या सुया काठाला जाऊन चिकटल्या, चांगलीच फजिती झाली. मग प्लॅस्टिकचा टब. तीन सुया : त्रिकोण. चार : चौकोन. पाच : पंचकोन. सहावी सोडली, सगळं क्षणभर डळमळलं, आणि एक सुई सरकत सरकत मधोमध जाऊन बसली, भोवती पाच. मुलं ओरडली. कुणीतरी लगेच विचारलं, "म्हणजे बाहेरच्या कवचात...?" तो प्रश्न थॉमसनच्याही मनात होता. मूलद्रव्यांचे गुणधर्म ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा का येतात, याचं उत्तर त्याला या कड्यांत दिसत होतं. पुढे प्रारूप पडलं, पण कड्यांची कल्पना फुकट गेली नाही.

इलेक्ट्रॉनचा १८९७ चा मूळ शोध, म्हणजे नळीतला वायू किंवा धातू कुठलाही घ्या, किरणातला कण तोच आणि हायड्रोजनच्या अणूहून हजारपट हलका, हा शाळेत करून दाखवण्यासारखा नाही. चित्र लावू.

२१ जानेवारी, मंगळवार

दुधाचा थेंब वाटीभर पाण्यात, त्यातला एक थेंब काचपट्टीवर, ४०० पट मोठा करून. स्निग्धाचे बारीक गोळे जागच्या जागी थरथरतात. थांबतच नाहीत. नेत्रभिंगाला मोबाईल टेकवून चित्रीकरण केलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही ओस्टवाल्डसारखे मातब्बर रसायनशास्त्रज्ञ अणूला हिशेबाची सोय म्हणत होते, वस्तू नव्हे. १९०५ मध्ये आइन्स्टाइननं, न दिसणारे पाण्याचे रेणू या गोळ्यांना ढकलतात असं धरून, या थरथरण्याचं गणित मांडलं, पॅरिसमध्ये पेराँनं ते मोजून जुळवलं, आणि १९०९ मध्ये ओस्टवाल्डनं आपलं म्हणणं मागे घेतलं. दूध मात्र मांजरानं सांडलं.

२७ जानेवारी, सोमवार

आता मुख्य काम. रुदरफोर्डचा प्रयोग म्हणजे सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनप्रभारित कण) सोडायचे आणि ते कसे वळतात त्यावरून आत काय आहे ते ओळखायचं. पण सोन्याचा पत्रा आणि अल्फा कण आणणार कुठून? त्याऐवजी गोट्या.

फळ्यांची चौकट, ६० सेंमी रुंद. आत ६ गोट्या जमिनीला चिकटवल्या, वरून पुठ्ठा झाकला. आतलं दिसत नाही. समोरून त्याच आकाराच्या गोट्या सोडायच्या आणि किती टक्करतात ते मोजायचं. एवढ्यावरून झाकलेल्या गोटीचा व्यास काढायचा, पट्टी न लावता.

"बाई, बघल्याशिवाय कसा कळतला?"

फळ्यावर समजावलं. सोडलेली गोटी चिकटवलेल्या गोटीला लागणार, जर दोघींची केंद्रं एका व्यासापेक्षा कमी अंतरावरून जाणार असतील. म्हणजे प्रत्येक चिकटवलेली गोटी दोन व्यासांएवढी वाट अडवते. सहा मिळून बारा व्यास, साठ सेंमीपैकी. टकरींचं एकूण सोडलेल्या गोट्यांशी जे प्रमाण, तेच बारा व्यासांचं साठ सेंमीशी. तेव्हा प्रमाणाला पाचानं गुणलं की व्यास सेंमीमध्ये.

२०० गोट्या, ८४ टकरी. व्यास २.१ सेंमी. व्हर्निअरनं मोजली तर १.६.

कारण शोधायला पंधरा मिनिटं लागली. पुठ्ठा कुठे वाजतो ते कळल्यावर मुलं तिथेच नेम धरत होती. नेमबाजीत गावातली पोरं तरबेज, हा दोष म्हणावा की गुण. शिवाय बाजूच्या फळीला घासून आलेला आवाजही टक्कर म्हणून धरला होता.

२९ जानेवारी, बुधवार

नेम काढून टाकला. १ ते ६० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात, जो आकडा निघेल त्या सेंटिमीटरवरून गोटी सोडायची, चिठ्ठी परत डब्यात. बाजूच्या फळ्यांना जुनं गोणपाट लावलं.

पहिला गट : २०० पैकी ६६. व्यास १.६५. दुसरा गट : २०० पैकी ५९. व्यास १.४८. दोन्ही गट आपलंच खरं म्हणून भांडायला लागले. दोघांचे एकत्र धरले : ४०० पैकी १२५, व्यास १.५६. खऱ्याच्या जवळ. कुणीच चुकलं नव्हतं, मोजणी कमी पडत होती.

शेवटी शेवटी चिठ्ठी काढणारा पेंगत होता.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळची शाळा, नंतर फलकाचा मजकूर.

एका मुलीनं शंका काढली : एका ठिकाणी आठ हजारांत एक कण उलटा आला असं आहे, दुसरीकडे वीस हजारांत एक. खरं कुठलं? दोन्ही. रुदरफोर्डच्या हाताखालच्या गायगर आणि मार्सडेन यांच्या १९०९ च्या लेखात आठ हजारांत एक, आणि तो आकडा प्लॅटिनमचा. वीस हजारांत एक हा रुदरफोर्डच्या १९११ च्या लेखातला, सोन्याच्या ०.००००४ सेंमी जाडीच्या पत्र्याचा, आणि सरासरी काटकोनातून वळलेल्या कणांचा. दोन्हींची खिचडी आपण करतो.

त्या पत्र्यात सोन्याच्या अणूंचे थर किती? अणूचा व्यास ०.२८८ नॅनोमीटर धरला तर साधारण १४००. एवढ्या भिंती ओलांडून जवळजवळ सगळे कण सरळ निघून जातात.

मला मात्र यात जास्त आवडतं ते मोजणं. अंधारी खोली, झिंक सल्फाइडचा पडदा, सूक्ष्मदर्शक. डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहायचं, मग प्रत्येक अल्फा कणाची एक बारीक चमक. थोडा वेळ मोजायचं, डोळे थकले की दुसऱ्यानं बसायचं. रुदरफोर्डनं स्वतः दोन मिनिटांत शिव्या घालत हा नाद सोडला. गायगर रात्रभर मोजू शकत असे. मार्सडेन तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी. १९१३ पर्यंत दोघांनी एक लाखाहून जास्त चमका मोजल्या. हे सांगितल्यावर परवा पेंगणारा सरळ बसला.

कागदावर आपटून परत येणाऱ्या तोफगोळ्याचं रुदरफोर्डचं ते प्रसिद्ध वाक्य लावायचं नाही असं ठरलं. ते वाचलं की वाटतं, त्याच संध्याकाळी केंद्रक, म्हणजे अणूच्या मधला बारीक जड गाभा, सापडलं. १९०९ ला कण उलटे आले आणि केंद्रकाचा लेख १९११ चा. भिंतीवर आणखी दोन सेंटिमीटर रिकामे.

५ फेब्रुवारी, बुधवार

मैदानात. सोन्याचा अणू त्याच्या केंद्रकाच्या सुमारे वीस हजार पट. आधी कुळीथ घेतला, पाच मिलीमीटर. म्हणजे अणू १०० मीटर. दोरी धरून निघालेली मुलं गडग्यावरून उतरून शेजारच्या कलमांच्या बागेत शिरली, तिथे मोहोरावर फवारणी चालली होती, परत बोलावलं. मग नाचणी. दीड मिलीमीटरचा दाणा, अणू तीस मीटर. मैदानात बसतो.

तांबड्या मातीत दाणा दिसेना, म्हणून खाली पांढरा कागद. पंधरा मीटरची दोरी फिरवून चुन्याचं वर्तुळ आखलं. वस्तुमानाचे ९९.९८ टक्के त्या दाण्यात, बाकी सगळ्या मैदानात मिळून ७९ इलेक्ट्रॉन. "आणि मधे?" काही नाही. "हवा?" हवाही नाही, हवा अणूंचीच असते. यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रकाशातले रंग वेगळे करून बघायची पेटी केली : बुटाचा खोका, ब्लेडच्या दोन पात्यांमधली फट, जुन्या सीडीचा तुकडा. एलईडी दिव्याचा पट्टा सलग, इंद्रधनुष्यासारखा. जुन्या सीएफएलचा तुटक, मधे ठसठशीत हिरवी रेघ. स्पिरिटच्या दिव्यात मिठाचे खडे टाकले तर सगळं काळं आणि एकच पिवळी रेघ.

पिवळी रेघ आली तशी मुलांनी विजयदुर्ग काढलाच. आमच्या तालुक्यात प्रत्येक मूल सांगतं की १८६८ च्या ग्रहणात हेलियमचा शोध किल्ल्यावर लागला. १८ ऑगस्टचं ग्रहण खरं, पण हा शोध ज्याच्या नावावर सांगतात तो लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्येच होता आणि त्यानं हेलियमची ती पिवळी रेघ ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. ग्रहण पाहणारा दुसरा शास्त्रज्ञ, जानसेन, होता गुंटूरला. मुलं हिरमुसली. मलाही सांगताना बरं वाटलं नाही, पण भिंतीवर तसंच जाईल.

रुदरफोर्डच्या अणूचं दुखणं असं की केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश फेकत फेकत क्षणात आत कोसळायला हवा. मैदानातलं वर्तुळ टिकायलाच नको. बोरला उत्तराचा धागा मिळाला तो रेघांतून.

रेघांचं सूत्र मात्र एका शाळामास्तरचं. बाल्मर, बाझेलच्या मुलींच्या शाळेत शिकवायचा. साठीत, १८८५ मध्ये, त्यानं हायड्रोजनच्या चार रेघा एका सूत्रात बसवल्या. आकडा घ्या ३६४.५. तीनचा वर्ग ९, त्यातून ४ वजा ५, तेव्हा नऊ पंचमांशनं गुणा : ६५६.१ नॅनोमीटर, लाल रेघ. चारनं करा : ४८६. पाच : ४३३.९. सहा : ४१०.१. मुलींनी फळ्यावर भराभर केलं. हे आकडे असेच का येतात, हे बाल्मरला शेवटपर्यंत कळलं नाही. तो १८९८ ला गेला. सूत्र छापलं त्याच वर्षी जन्मलेल्या बोरला १९१३ मध्ये एका मित्रानं ते दाखवलं आणि त्याचं कोडं सुटलं : इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्यांवरच असतो, पायरी उतरला की फरकाएवढा प्रकाश.

शाळेतला माणूस भिंतीवर आला, म्हणून मी बाल्मरला बोरएवढीच जागा दिली. पक्षपात कबूल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोजली आणि चॅडविक एकाच फलकावर उरकले. मोजलीनं क्ष-किरणांवरून अणुअंकाला अर्थ दिला, आणि १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत २७ व्या वर्षी गेला. चॅडविकचा न्यूट्रॉन १९३२ चा. म्हणजे थॉमसनच्या इलेक्ट्रॉननंतर ३५ वर्षांनी. पुस्तकात हे दोन्ही एकाच पानावर असतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दहावीची परीक्षा सुरू आहे, पण केंद्र आमच्याकडे नाही, व्हरांडा मोकळा. शेवटचा फलक अडला होता. १९२६ नंतरचा अणू करून दाखवायचा कसा? इलेक्ट्रॉन कुठे आहे याऐवजी कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच श्रोडिंजरचं गणित आणि बॉर्ननं लावलेला अर्थ सांगतो. कक्षा नाहीतच.

रांगोळी घालणाऱ्या दोघींनी सोडवलं. काळ्या पुठ्ठ्यावर चिमटीनं ठिपके, मध्याशी दाट, बाहेर विरळ होत जाणारे. काठ कुठे संपवायचा म्हणून त्या अडल्या. संपवायचाच नाही, म्हटलं. रांगोळी संपेपर्यंत टाकत राहा. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सर्वात जास्त असते ते अंतर बरोबर बोरच्या पहिल्या कक्षेचं, ०.०५३ नॅनोमीटर. (मध्याशी ठिपके दाट, पण तिथे जागाच थोडी.) तिथे पेन्सिलीनं तुटक वर्तुळ काढलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र. कुणकेश्वरच्या जत्रेहून अर्धी मुलं परतलीच नाहीत. उरलेल्यांनी भिंत लावली. डाल्टन ते न्यूट्रॉन सव्वाशेच्या वर सेंटिमीटर, त्यात निम्म्याहून जास्त कोरे. मुख्याध्यापकांनी विचारलं, इथे अजून काय लागायचं आहे? काही नाही, म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गोट्यांभोवती दिवसभर गर्दी. एकूण १,१४० गोट्या सोडल्या गेल्या, ३६२ टकरी. व्यास १.५९.

एका मुलाचे वडील सोनार. पत्र्याच्या जाडीचं त्यांना काहीच नवल वाटलं नाही, मिठाईवरचा वर्ख याहून पातळ असतो म्हणाले. चौदाशे थरांपाशी मात्र थांबले. दोनदा वाचलं, मग मैदानात गेले.

दुपारी मैदानातून निरोप आला की केंद्रक गायब. चुन्याच्या वर्तुळाभोवती पालक उभे, मधे पांढरा कागद, कागदावर मुंग्यांची रांग. तिथे उभ्या असलेल्या मुलानं शांतपणे खिशात हात घातला. सकाळीच आईकडून मूठभर नाचणी घेऊन आला होता.

"हा चौथा, बाई," म्हणाला, आणि दाणा ठेवला.